औषध झाडाचंच, पण पोचवायचं कसं?

आधीच कबूल करून टाकते. माझी शाळा नांदेडच्या कॉन्व्हेंटची. मराठी निबंधाचा तास आला की पोटात दुखतंय म्हणून सिक रूममध्ये जाऊन पडणाऱ्यांपैकी मी एक! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. खरं तर हा लेख मी इंग्रजी विभागाला देणार होते. सेमिनारचा रिपोर्ट तयारच होता. पण ज्यांनी मला हा प्रश्न विचारला त्यांना इंग्रजी वाचता येत नाही. म्हणून हा खटाटोप.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत मी लोह्याला गेले होते. माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि पुढे केमो सुरू व्हायचा होता. काकांनी एक दिवस माझ्यासमोर दोन गोष्टी ठेवल्या. एक, डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद. त्यावर एकाच औषधाचे दोन प्रकार होते. एक साधं, एक "नॅनोवालं". नॅनोवाल्याची किंमत साध्याच्या कितीतरी पट. दुसरी गोष्ट म्हणजे एका पाहुण्यांनी आणून दिलेली गोळ्यांची डबी. तिच्यावरही "नॅनो" लिहिलेलं, पण आत हळदीचा अर्क. पाहुण्यांचं म्हणणं असं, की केमो म्हणजे निव्वळ विष, ते सोडा. हे नैसर्गिक आहे, झाडाचं आहे, याने गाठ विरघळते.

काका म्हणाले, "माय, तू एवढी इंजिनिअर व्हायलीस. सांग बरं, यातलं काय घ्यावं?"

मी केमिकलच्या थर्ड इयरला. नॅनोटेक्नॉलॉजीवर सेमिनार दिलेला, सरांनी "एक्सलंट" असा शेरा मारलेला. आणि मला उत्तर देता आलं नाही! सुट्टी संपल्यावर लायब्ररीत बसून जे वाचलं, समजून घेतलं, ते इथे मांडते आहे. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी, शेजारी, गल्लीत असा एखादा पेशंट असतोच. उद्या तुम्हालाही कोणी विचारेल.

सदाफुली आणि केमोची बाटली

पाहुण्यांच्या बोलण्यात एक गृहीत होतं. केमो म्हणजे कारखान्यातलं रसायन, आणि झाडाचं म्हणजे वेगळं काहीतरी. इथेच पहिली गंमत आहे.

आपल्या होस्टेलच्या कुंपणाला सदाफुली आहे. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही, तरी बारा महिने फुललेली. १९५२ साली जमैकातल्या एका डॉक्टरांनी या झाडाची पंचवीस पानं पाकिटात घालून कॅनडाला पाठवली. तिकडे लोक मधुमेहावर तिच्या पानांचा चहा पितात, म्हणून. ती पानं रॉबर्ट नोबल या संशोधकाच्या हाती आली. त्यांनी उंदरांना अर्क देऊन पाहिला. साखर काही कमी झाली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी भराभर कमी झाल्या! रक्ताच्या कॅन्सरमध्ये पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात, मग हे तिथे चालेल का? नोबल आणि त्यांचे सहकारी चार्ल्स बीअर यांनी १९५८ साली त्यातून व्हिनब्लास्टिन वेगळं केलं. पुढे त्याचंच भावंड व्हिनक्रिस्टिन सापडलं. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवर ते आजही वापरतात.

म्हणून सदाफुलीची पानं चावून खायची का? मुळीच नाही! शेकडो किलो वाळलेल्या पानांमधून कुठे एखादा ग्रॅम औषध निघतं, आणि त्याचा डोस थोडा जरी चुकला तरी ते जिवावर बेतू शकतं. झाड हे औषध आपल्यासाठी बनवत नाही. किड्यांनी आणि जनावरांनी आपल्याला खाऊ नये म्हणून झाडं विषं तयार करतात. आपण त्यातलं एखादं उचलतो, शुद्ध करतो, मोजतो आणि मग वापरतो.

नंदुरबारचा माणूस

दुसरी गोष्ट त्याहून जवळची. काकांच्या कागदावर औषधाचं नाव होतं पॅक्लिटॅक्सेल. हे शोधून काढणाऱ्या दोघांपैकी एक आपल्या महाराष्ट्रातले. डॉ. मनसुख वाणी, जन्म १९२५, गाव नंदुरबार. मुंबई विद्यापीठातून शिकले, काही काळ मुंबईत शिकवलं, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ साली पीएच.डी. केली. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. मनरो वॉल यांच्याबरोबर कामाला लागले.

या जोडीने एक नाही, दोन औषधं दिली. १९६६ मध्ये एका चिनी झाडापासून कॅम्प्टोथेसिन, आणि १९७१ मध्ये पॅसिफिक यू या झाडाच्या सालीपासून टॅक्सॉल, म्हणजेच पॅक्लिटॅक्सेल. ते पेशीत नेमकं करतं काय, हे १९७९ साली सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांचं एक मचाण उभं राहतं, आणि काम झालं की ते मोडावं लागतं. पॅक्लिटॅक्सेल हे मचाण मोडूच देत नाही. मग पेशी मधेच अडकते आणि मरते. सिव्हिलवाल्यांना लगेच कळेल. स्लॅब पडला, पण सेंटरिंग निघेचना! १९९२ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत अंडाशयाच्या कॅन्सरसाठी आणि १९९४ मध्ये स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. डॉ. वाणी २०२० साली, वयाच्या ९५ व्या वर्षी वारले. आपल्याला शाळेत त्यांचं नाव कोणी सांगितलं नाही. कॉन्व्हेंटमध्येही नाही, आणि रूममेटला विचारलं, तिच्या झेडपीच्या शाळेतही नाही.

त्यांच्या पहिल्या औषधाचा आपल्या मातीशीही संबंध आहे. कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही भरपूर मिळतं. पानाफुलांना घाण वास येतो म्हणून नरक्या, आणि गुण कळल्यावर काही ठिकाणी त्यालाच अमृता म्हणायला लागले! मागणी वाढली तशी त्याची तोडही फार झाली. पॅसिफिक यूचं तेच झालं होतं. साल काढली की झाड मरतं, आणि एका पेशंटपुरत्या औषधाला अनेक जुनी झाडं लागायची. पुढे यूच्या पानांतून कच्चा माल काढून बाकीची रचना प्रयोगशाळेत पूर्ण करायची युक्ती निघाली. पानं परत येतात. त्यामुळे झाड वाचलं.

खरी अडचण पाण्याची

औषध सापडलं १९७१ ला, आणि पेशंटला मिळालं १९९२ ला. मध्ये एकवीस वर्षं का गेली? कारणं बरीच आहेत, पण एक मोठं कारण म्हणजे पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही. एक मिलिलिटर पाण्यात जेमतेम एक मायक्रोग्रॅम, किंवा त्याहूनही कमी. आणि रक्त तर बहुतांशी पाणीच.

हा प्रश्न समजायचा असेल तर आज रात्री मेसमध्ये एक प्रयोग करा. अर्ध्या ग्लास पाण्यात चिमूटभर हळद टाका, ढवळा आणि ठेवून द्या. थोड्या वेळाने हळद तळाशी. आता तीच हळद कोमट तेलात टाका. तेल पिवळंधमक! झाडांमधल्या बऱ्याच औषधी द्रव्यांचा स्वभाव असाच, तेलाशी मैत्री आणि पाण्याशी वैर. शिरेतून असलं द्रव्य तसंच दिलं तर ते गोठळून रक्तवाहिनीच तुंबेल.

पॅक्लिटॅक्सेलसाठी मग काय केलं? एरंडेल तेलावर प्रक्रिया करून बनवलेलं क्रेमोफोर नावाचं द्रव्य आणि अल्कोहोल, अर्धं अर्धं, अशा मिश्रणात ते विरघळवलं. औषध विरघळलं, पण क्रेमोफोरचाच त्रास सुरू झाला. काही पेशंटना अंगावर गांधी उठतात, दम लागतो, बीपी एकदम उतरतं. म्हणून आधी स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीची इंजेक्शनं द्यावी लागतात आणि सलाईन सावकाश सोडावं लागतं. शिवाय हे मिश्रण साध्या पीव्हीसीच्या नळीतला मऊपणा आणणारा घटकच विरघळवून पेशंटच्या रक्तात नेतं. म्हणून नळीसुद्धा वेगळी लागते. बघा, औषधापेक्षा औषधाच्या गाडीचाच खर्च आणि खटाटोप जास्त!

कॅम्प्टोथेसिनची कथाही तशीच. पाण्यात विरघळावं म्हणून त्याचं सोडियम क्षार बनवलं. ते करताना रेणूमधली एक कडी उघडली, औषधाचा प्रभाव कमी झाला आणि मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला. १९७० च्या दशकात चाचण्या थांबवाव्या लागल्या. त्याचं सुधारलेलं रूप इरिनोटेकान अमेरिकेच्या बाजारात यायला १९९६ उजाडलं.

म्हणजे दोन्ही वेळा औषध हाताशी होतं. प्रश्न पोचवण्याचा होता. आणि माल न सांडता, न बिघडता, ठरल्या ठिकाणी पोचवणं हा तर इंजिनिअरिंगचाच विषय!

नॅनो म्हणजे नेमकं किती?

एक नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग. हे वाचून कोणालाच काही कळत नाही, मलाही कळलं नव्हतं. म्हणून भाकरी घ्या. रक्तातली लाल पेशी साधारण ७,००० नॅनोमीटर रुंद असते. ती ताटातल्या वीतभर भाकरीएवढी आहे असं समजा. तर १३० नॅनोमीटरचा औषधाचा कण त्या भाकरीवर पडलेल्या ज्वारीच्या एका दाण्याएवढा. एवढा लहान कण रक्तात तुंबत नाही, तरंगत जातो.

लहान करण्याचा दुसरा फायदा पृष्ठभागाचा. एक मिलिमीटरचा दाणा फोडून १०० नॅनोमीटरचे कण केले, तर तेवढ्याच मालाचा पृष्ठभाग दहा हजार पट होतो. हळकुंड चोखण्यात आणि हळदीची पूड खाण्यात जो फरक, तोच कितीतरी पटींनी वाढवलेला.

मग अजून लहान का नको? कारण पाच-सहा नॅनोमीटरहून लहान कण मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं, आणि दोनशेच्या वर गेलं की यकृत आणि प्लीहा त्याला कचरा समजून पकडतात. या दोघांच्या मधली वाट म्हणून शंभरच्या आसपासचे कण.

हे कण बनवायच्या दोन मुख्य रीती दिवाळीच्या फराळावरून सांगते. पहिली रीत करंजीची. बाहेर चरबीच्या रेणूंचं दुहेरी पातळ आवरण आणि आत औषधाचं सारण. याला लिपोसोम म्हणतात. दुसरी रीत तिळाच्या लाडवाची. गूळ जसा तीळ धरून ठेवतो, तसं रक्तातलंच अल्ब्युमिन हे प्रथिन औषधाला धरून ठेवतं. अल्ब्युमिन आणि औषध एकत्र करून प्रचंड दाबाखाली बारीक फटीतून ढकलायचं. डेअरीत दुधावरची साय वेगळी होऊ नये म्हणून होमोजिनायझर वापरतात ना, तत्त्व तेच. मग द्रावक उडवून द्यायचा. राहतात ते १३० नॅनोमीटरचे लाडू! या औषधाचं नाव अब्रॅक्सेन. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे २००७ साली दाबर फार्माने पॉलिमरच्या कणांत पॅक्लिटॅक्सेल बसवून नॅनोक्सेल आणलं. दोन्हींत क्रेमोफोर नाही.

चिबड रान

आता सगळ्यात गाजलेली कल्पना. १९८६ साली जपानमध्ये मात्सुमुरा आणि माएदा यांनी दाखवलं, की मोठे रेणू गाठीमध्ये आपोआप साठतात. का?

आमच्याकडे कालव्याच्या कडेचं रान चिबड होतं. अस्तर नीट नसेल तर कालवा पाझरतो, आणि खाली निचरा नसेल तर पाणी तिथेच साचून राहतं. कॅन्सरची गाठ म्हणजे असंच चिबड रान. ती इतक्या घाईने वाढते, की तिच्या रक्तवाहिन्या ठेकेदाराने मार्चअखेर उरकलेल्या कामासारख्या असतात, फटींनी भरलेल्या! निरोगी वाहिनीतून न सुटणारे नॅनोकण या फटींतून पाझरतात. आणि गाठीत निचऱ्याची सोय धड नसते, म्हणून तिथेच थांबतात.

चित्र फार सुंदर आहे, आणि माझ्या सेमिनारमध्ये मी इथेच थांबून टाळ्या घेतल्या होत्या. पण पुढचं वाचलं तेव्हा पाय जमिनीवर आले. उंदरांमध्ये हे जितकं छान दिसतं तितकं माणसांत दिसत नाही. प्रत्येक पेशंटची, किंबहुना एकाच पेशंटची प्रत्येक गाठ वेगळी असते. २०१६ साली टोरांटोच्या संशोधकांनी मागच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचणारा वाटा मध्यक काढला तर ०.७ टक्के निघाला. शंभर पत्रं टाकली, पोचलं एकही धड नाही! आणि अब्रॅक्सेनचे लाडू तर रक्तात गेल्यावर लवकरच फुटून लहान लहान होतात. त्यामुळे त्याचा मुख्य फायदा क्रेमोफोर गेलं हा. गाठीवर नेम धरून मारा करणारं क्षेपणास्त्र वगैरे जे आपण ऐकतो, ते इथे लागू नाही.

आकडे काय म्हणतात

नॅनो म्हणजे भारीच असणार, असं आपल्याला वाटतं. म्हणून चाचण्यांचे निकाल पाहू. स्तनाचा कॅन्सर शरीरात पसरलेल्या सुमारे साडेचारशे स्त्रियांवर साधं पॅक्लिटॅक्सेल आणि अब्रॅक्सेन यांची तुलना झाली. निकाल २००५ साली आले. साध्या औषधाने १९ टक्के जणींची गाठ लक्षणीय आकसली, अब्रॅक्सेनने ३३ टक्के जणींची. सलाईन तीन तासांऐवजी अर्ध्या तासात, आणि आधीच्या स्टेरॉइडची गरज नाही. पांढऱ्या पेशी अगदी तळाला जाण्याचं प्रमाणही २२ वरून ९ टक्क्यांवर आलं. पण हातापायांची संवेदना जाण्याचा तीव्र त्रास मात्र २ टक्क्यांवरून १० टक्क्यांवर गेला, कारण डोस जास्त देता येत होता.

पुढे साधं औषध तीन आठवड्यांतून एकदा देण्याऐवजी दर आठवड्याला थोडं थोडं द्यायची पद्धत रुळली. या पद्धतीशी तुलना करणाऱ्या अमेरिकन चाचणीचा निकाल २०१५ साली आला. अब्रॅक्सेन सरस ठरलं नाही, उलट त्रास जास्त झाला. ऑपरेशनच्या आधी देण्याबाबत युरोपात दोन चाचण्या झाल्या, त्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये नॅनोने नक्की भर घातली. २०१३ मध्ये ८६१ पेशंटच्या चाचणीत, नेहमीच्या औषधाला अब्रॅक्सेनची जोड दिल्यावर आयुष्याचा मध्यक ६.७ महिन्यांवरून ८.५ महिने झाला. नरक्याच्या कुळातलं इरिनोटेकान करंजीत, म्हणजे लिपोसोममध्ये भरलेलं ऑनिवाइड २०१५ साली आलं. त्याने दुसऱ्या औषधाच्या जोडीने ४.२ महिन्यांचे ६.१ केले. आपल्याला वाटेल, दोन महिने म्हणजे काय! पण ज्या घरात हे दुखणं आहे तिथे दोन महिने म्हणजे एखादं लग्न बघून जाणं असतं. सदाफुलीच्या व्हिनक्रिस्टिनचं लिपोसोमही २०१२ साली मान्य झालं होतं, पण २०२२ मध्ये ते बाजारातून मागे घेतलं गेलं. म्हणजे नॅनो हा शिक्का पुरेसा नाही. परीक्षा प्रत्येकाला वेगळी द्यावी लागते, अगदी आपल्यासारखी.

आता हळद

पाहुण्यांच्या डबीकडे वळू. हळदीबद्दल मला काही वाईट बोलायचं नाही. वसमत, हिंगोली, नांदेडचा मोंढा, आपल्या भागाचं हे पिवळं सोनं. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. १९९५ साली अमेरिकेत एका विद्यापीठाला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने जुने पुरावे देऊन १९९७ मध्ये ते रद्द करवलं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण हळद आपली आहे हे सिद्ध झालं, म्हणून ती कॅन्सर बरा करते असं सिद्ध होत नाही ना!

हळदीतलं मुख्य द्रव्य करक्युमिन. काचेच्या बशीत कॅन्सरच्या पेशींवर ते टाकलं तर पेशी मरतात, हे खरं आहे. पण बशी आणि माणूस यांच्यात तीन नाले आडवे येतात. पहिला विरघळण्याचा, तो आपण मेसमध्ये पाहिला. दुसरा टिकण्याचा. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, हे प्रत्येक आईला माहीत आहे. करक्युमिन अल्कलीत बदलतं. रक्ताएवढ्याच पी-एचच्या साध्या द्रावणातसुद्धा त्याचा बहुतेक भाग अर्ध्या तासात मोडून जातो. तिसरा नाला यकृताचा. आतड्यातून जे थोडंफार आत जातं, त्याला आतड्याची भिंत आणि यकृत बदलून बाहेरची वाट दाखवतात.

तैवानमध्ये २००१ साली पेशंटना रोज ८ ग्रॅमपर्यंत शुद्ध करक्युमिन दिलं, तरी रक्तात अगदी थोडं सापडलं. हळदीत करक्युमिन तीन टक्के धरलं, तर ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोच्या वर हळद खावी लागेल. आमच्या मेसच्या वरणातसुद्धा एवढी नसते! १९९८ साली बंगळूरमध्ये काळ्या मिरीतल्या पायपरिनने हे प्रमाण वीस पट वाढतं असं दिसलं. पण मुळात नगण्य असलेल्या आकड्याची वीस पट, एवढंच ते.

मग इथे नॅनो उपयोगी पडेल का? कल्पना चांगलीच आहे. २००७ साली अमेरिकेतलं जॉन्स हॉपकिन्स आणि आपलं दिल्ली विद्यापीठ यांनी मिळून शंभर नॅनोमीटरहून लहान पॉलिमरच्या कणांत करक्युमिन बसवून दाखवलं. ते पाण्यात स्वच्छ मिसळतं. तेव्हापासून शेकडो शोधनिबंध आले. पण पोचवणूक सुधारली म्हणजे माल कामाचा आहे असं ठरत नाही. २०१७ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञांनी करक्युमिनवरच्या शंभराहून अधिक चाचण्यांचा आढावा घेतला. खऱ्या-खोट्या गोळीची काटेकोर तुलना केलेल्या चाचण्यांत ते यशस्वी झाल्याचं त्यांना एकही उदाहरण मिळालं नाही. उलट करक्युमिन स्वतः चमकतं, दिसेल त्या प्रथिनाला चिकटतं आणि प्रयोगशाळेतल्या चाचण्यांना फसवतं, असा इशारा त्यांनी दिला. संशोधन थांबलेलं नाही, थांबूही नये. पण आज दुकानात मिळणारी "नॅनो हळद" आणि चाचण्यांतून गेलेलं औषध यांना एका रांगेत बसवता येत नाही.

कायदाही हेच म्हणतो. १९५४ च्या जादूटोणा-औषध जाहिरातींच्या कायद्यात, अमुक औषधाने कॅन्सर बरा होतो अशी जाहिरात करायलाच बंदी आहे. नॅनो औषधं कशी तपासायची याची मार्गदर्शक तत्त्वं भारत सरकारने २०१९ साली काढली. पूरक आहार म्हणून विकलेली डबी औषधासारख्या चाचण्यांमधून गेलेली नसते. आणि जास्त डोसच्या अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. केमो चालू असताना यकृत आधीच राबत असतं. वरणातली हळद चालू द्या, डबीतली मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

मग काकांना काय सांगितलं?

हे सगळं घेऊन मी पुढच्या केमोच्या दिवशी काका-मावशीबरोबर नांदेडच्या दवाखान्यात गेले. वहीत तीन प्रश्न लिहून नेले होते. मावशीला साधं औषध दर आठवड्याला द्यायचं आहे का? तिला आधीपासून शुगर किंवा अ‍ॅलर्जी नाही, मग साध्यात धोका किती? आणि बोटांचं काय? हा तिसरा प्रश्न माझा नव्हता, मावशीचा होता. मावशी ब्लाऊज शिवते. घर त्यावर चालतं असं नाही, पण तिची पत त्यावर आहे. बोटं बधिर झाली तर सुई कशी धरायची?

डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, दर आठवड्याचं साधंच देऊ. पहिल्या डोसला रिअ‍ॅक्शन आली, तर नॅनोचा विचार करू. बोटांना मुंग्या आल्या तर पहिल्या दिवशी सांगा, लपवू नका, डोस बदलता येतो. आणि योजनेत बसतं का ते आरोग्यमित्रांकडे विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचं टेबल तळमजल्यावरच होतं. आम्ही तीन वेळा त्याच्या समोरून गेलो होतो!

घरी आल्यावर पाहुणे पुन्हा आले. "विष घ्यायलाव तुम्ही. झाडाचं घ्या."

काकांनी सलाईनच्या रिकाम्या बाटलीकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, "हे बी झाडाचंच हाय. नंदुरबारच्या माणसानं काढलेलं. नुसतं मोजून-मापून देतेत." मी काही बोललेच नाही. त्या वेळी मला माझ्या "एक्सलंट"पेक्षा जास्त आनंद झाला.

मावशीने मात्र एक प्रश्न विचारला. "झाडाचं हाय, तर माझे केस का गं गेले?" मी सांगितलं, की हे औषध भराभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशी अडवतं. केसांच्या मुळांशी पण तशाच पेशी असतात. त्याला गाठ कुठली आणि केस कुठला हे कळत नाही. ते कळावं म्हणूनच जगभर एवढी धडपड चालली आहे. ती म्हणाली, "मग शिक की ते. मधेच कशाला सोडायलीस?"

बारापैकी सहा डोस झालेत. बोटांना अजून मुंग्या नाहीत. या सुट्टीत तिने माझ्या गॅदरिंगच्या ब्लाऊजचं माप घेतलं.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या प्रोजेक्टच्या पहिल्या पानावर आपण "नॅनो" शब्द घालतो, कारण मार्क चांगले पडतात. पण तोच शब्द कोणीतरी डबीवर छापून एखाद्या घरातला केमो बंद पाडू शकतं. पुढच्या वेळी घरचं कोणी विचारलं, "हे घ्यावं का?" तर एवढं विचारून बघा. आत औषध कुठलं आहे, ते माणसांवर तपासलंय का, कशाशी तुलना करून, आणि ज्याच्या शरीरात ते जाणार आहे त्याला काय गमवायची भीती वाटते? पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं लायब्ररीत मिळतील. चौथ्यासाठी घरी जावं लागेल. लोह्याची एस.टी. दर थोड्या वेळाने आहे.